एक हात तोंडावर, दुसरा तिजोरीत : ‘द जनरल’

१८ ऑगस्ट १९९४ ची दुपार. डब्लिनचा कुख्यात दरोडेखोर मार्टिन काहिल भाड्याने आणलेली व्हिडिओ कॅसेट परत करायला घराबाहेर पडला. डब्लिनच्या रॅनला भागात, घराजवळच्याच एका चौकात, गाडीत बसल्या जागी त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्यावरच्या ‘द जनरल’ या चित्रपटाची सुरुवात याच खुनाने होते. शेवट पहिल्या पाच मिनिटांतच हातावर ठेवून दिग्दर्शक चक्क रीळ उलटं फिरवतो आणि मेलेला माणूस पुन्हा उभा राहतो. त्यामुळे ‘पकडला जाईल का’ हा प्रश्न निकालात निघतो आणि ‘एवढं सगळं याने जमवलं कसं’ हा उरतो. चोरीच्या चित्रपटाला हा दुसरा प्रश्नच जास्त मानवतो.

चित्रपट १९९८ चा. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती तिन्ही जॉन बूर्मनचं. लांबी दोन तास चार मिनिटं. त्या वर्षी कान चित्रपट महोत्सवात बूर्मनला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. आधार आहे तो गुन्हेवार्ताहर पॉल विल्यम्सच्या काहिलवरच्या पुस्तकाचा. नावं बदलून हात झटकण्याची पळवाट बूर्मनने घेतलेली नाही, काहिल पडद्यावरही काहिलच आहे. ही भूमिका केली आहे ब्रेंडन ग्लीसनने. हॅरी पॉटरमधला फिरत्या डोळ्याचा मूडी म्हणून आपल्याकडे बऱ्याच जणांना हा चेहरा ओळखीचा असेल. इथे तो त्याहून तरुण आहे, डोक्यावरचे केस विरळ, पोट सुटलेलं आणि अंगात मिकी माऊसचा टी-शर्ट.

तो टी-शर्ट वेशभूषाकाराच्या डोक्यातून आलेला नाही. खरा काहिल तसाच वावरायचा. रेकॉर्डवरचा गुन्हेगार, सगळ्या डब्लिनला माहीत असलेला, आणि तरी रस्त्यावर दिसला की पंजा तोंडावर, बोटं फाकवलेली. छायाचित्रकाराला चेहरा मिळायचा नाही, त्याला मात्र फटीतून सगळं दिसायचं. ग्लीसनने ही लकब अशी उचलली आहे की काही वेळाने ती लपण्याची खूण न राहता चिडवण्याची होते. पोलीस समोर उभे असताना तोंड झाकणारा माणूस खरं तर त्यांना सांगत असतो, मी इथेच आहे, काय करायचं ते करा.

काहिल १९४९ चा. डब्लिनच्या गरीब वस्त्यांत वाढला आणि पोरवयातच घरफोडीसाठी सुधारगृहात गेला. चित्रपट हे बालपण पटकन उरकतो, पण सुधारगृहातला पाद्री आणि रात्रीची ती खोली चुकवत नाही. काहिलच्या मनात चर्च, पोलीस, न्यायालय आणि महापालिका एकाच रांगेत का उभी आहेत, हे त्या दोन मिनिटांत कळतं आणि त्यावर पुढे व्याख्यान होत नाही. लहानपणीचा काहिल रंगवणाऱ्या एमन ओवेन्सचा चेहरा ग्लीसनशी फारसा जुळत नाही, पण डोळ्यांतला मस्तवालपणा तोच.

मग तो राहत असलेली रॅथमाइन्समधली हॉलीफील्ड बिल्डिंग्ज ही गरीब वस्ती पाडायची वेळ येते. सगळी बिऱ्हाडं निघून जातात, हा एकटा हलत नाही. भिंती पडल्या तरी त्याच जागेवर ठाण मांडून बसतो आणि चांगल्या वस्तीत घर मिळाल्याशिवाय उठायचं नाव घेत नाही. चाळीच्या पुनर्विकासात अडून बसलेला शेवटचा भाडेकरू ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको. प्रत्यक्षातही तो असाच अडला होता. चित्रपटातला काहिल आपल्याला आवडायला लागतो तो इथे, आणि बूर्मनला नेमकं तेच हवं असतं. आधी आवडू द्यायचं, मग त्या आवडीची किंमत वसूल करायची.

चोऱ्यांकडे येऊ. काहिलला ‘जनरल’ म्हणायचे ते आखणीसाठी. चित्रपटातही धावपळ कमी आणि वाट बघणं जास्त आहे. १९८३ चा हॅरल्ड्स क्रॉसमधला ओ’कॉनर्स या दागिन्यांच्या कारखान्यावरचा दरोडा घ्या. तिजोरीची खोली भक्कम, गजर पक्का. फोडायला गेलं तर वेळ जाणार, आवाज होणार आणि माणसं पकडली जाणार. काहिलचा तोडगा साधा होता: तिजोरी फोडायचीच नाही, जो रोज सकाळी ती उघडतो त्याची वाट बघायची. टोळी रात्रीच आवारात शिरून लपली. सकाळी कामगार एकेक करून आले तसे ताब्यात घेतले गेले, किल्लीवाला आला आणि खोली उघडली गेली. वीस लाख पौंडांहून जास्त किमतीचं सोनं आणि हिरे गेले. हे काम आयआरएनेही, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयरिश सशस्त्र संघटनेनेही, अवघड म्हणून सोडून दिलं होतं असं सांगतात. चित्रपटात आयआरए नंतर वाटा मागायला येते आणि काहिल त्यांना वाटेला लावतो. प्रेक्षक हसतो. त्या घटकेला त्याने स्वतःचं मरण लिहून ठेवलंय हे सुरुवातीला पाहिलेल्या गोळीबारामुळे आपल्याला कळतं, त्याला कळत नाही.

या दरोड्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. त्यानंतर तो कारखाना बंद पडला आणि शंभरावर माणसं घरी बसली. श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा वगैरे म्हणणाऱ्यांना हे सांगावं. गरिबांना काही दिलं गेल्याचा पुरावा नाही, त्यांच्याकडून गेलं ते मोजता येतं.

सगळ्यात रंगलेला भाग रसबरोचा. विकलो परगण्यातला हा जुना वाडा, मालक सर आल्फ्रेड बाइट, घराण्याचा पैसा दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांचा. भिंतींवर व्हर्मीर, गोया, मेत्सू, रूबेन्स, गेन्सबरो या जुन्या युरोपीय चित्रकारांची चित्रं. १९७४ मध्ये तिथे एकदा सशस्त्र दरोडा पडून गेला होता, म्हणून गजर बसवलेला. २१ मे १९८६ च्या रात्री काहिलच्या टोळीने काय केलं, ते पायरी-पायरीने असं. मागच्या बाजूची काच फोडून आत पाऊल टाकलं आणि गजर मुद्दाम वाजू दिला. मग आत हालचाल टिपणारं यंत्र निकामी केलं आणि बाहेर येऊन अंधारात दबा धरला. पोलीस आले, वाड्याच्या व्यवस्थापकासह पाहणी केली, चित्रं सगळी जागेवर, यंत्रच बिघडलं असणार असं ठरलं, पोलीस गेले. मग टोळी आत शिरली. आता वाजायला गजरच नव्हता. अठरा चित्रं उचलली आणि बाहेर. चोरी उघडकीला आली ती सकाळी.

यात हुशारी कुलपाची नाही, माणसांच्या कंटाळ्याची आहे. गजर वाजला की माणूस एकदा धावत येतो. खोटा निघाला की दुसऱ्यांदा धावण्याची त्याची इच्छाच मरते. ‘लांडगा आला रे’ची गोष्ट लांडग्याने ऐकली असती तर त्याने हेच केलं असतं. बूर्मन हा प्रसंग जवळजवळ संवादांशिवाय दाखवतो, कृष्णधवल रात्रीत, झाडीत बसलेली माणसं आणि वाड्यात फिरणाऱ्या टॉर्चच्या प्रकाशाचे ठिपके. पोलिसांची गाडी निघून गेल्यावर घाई नाही. ती शांतता ऐकण्यासारखी आहे.

पण खरी गंमत चोरीनंतर सुरू होते, आणि चोरीच्या बहुतेक चित्रपटांना ती ठाऊकच नसते. सोनं वितळवता येतं, हिरे सुटे करता येतात. व्हर्मीरचं काय करणार? त्याच्या नावावर जगात जेमतेम पस्तीस-छत्तीस चित्रं मानली जातात, त्यातलं एक तुमच्या गाडीच्या डिकीत आहे आणि त्याचा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आहे. विकत घेणारा संग्राहक लपवणार, दाखवणार नाही, कर्जाला तारण ठेवेल फार तर. झालंही तसंच. अठरांपैकी सात चित्रं टोळीने लगेचच वाड्यापासून जवळच टाकून दिली. उरलेली हातोहाती फिरली, आणि व्हर्मीर १९९३ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला पोलिसांच्या सापळ्यात सापडलं. लाखोंचा माल हातात आणि खिशात छदाम नाही, अशी टोळीची गत झाली. चित्रं खपवण्याच्या नादात काहिलचा संबंध उत्तर आयर्लंडमधल्या यूव्हीएफ या ब्रिटनधार्जिण्या सशस्त्र गटाशी आला, आणि खुनाची जबाबदारी घेताना आयआरएने तेच कारण पुढे केलं. म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोठी चोरीच त्याला महागात पडली. चित्रपटाच्या उत्तरार्धात टोळीतली माणसं एकेक करून गळत जातात, कुणी आत जातं, कुणी फुटतं. हा भाग काहींना संथ वाटेल. पण न विकल्या जाणाऱ्या मालावर बसलेल्या माणसांची चिडचिड संथच दिसणार.

विनोद हवा असेल तर घर-खरेदीचा प्रसंग पाहा. घरासाठी रोख रक्कम द्यायची नाही म्हणून काहिल बँकेत जाऊन नोटांच्या बदल्यात ड्राफ्ट करून घेतो. ड्राफ्ट खिशात पडला की तो पोलीस ठाण्यात जाऊन गप्पा मारत बसतो, आणि तेवढ्यात त्याची माणसं तीच बँक लुटून त्याच नोटा परत आणतात. घरही आलं, पैसेही आले आणि साक्षीदार म्हणून खुद्द पोलीस. चोरावर मोर म्हणतात तो हा. असंच दुसरं दृश्य बेकारभत्त्याच्या रांगेतलं. कोट्यवधींचा माल पचवलेला माणूस दर आठवड्याला खिडकीसमोर उभा राहून सरकारकडून भत्ता घेतो, आणि तो हक्क असल्यासारखा घेतो.

इथवर काहिल आपला झालेला असतो. मग येतं स्नूकरचं टेबल.

टोळीतल्या एकावर विश्वासघाताचा संशय येतो. काहिल त्याचे हात टेबलावर ठेवायला लावतो आणि तळव्यांतून खिळे ठोकतो. कॅमेरा जखमेवर फार रेंगाळत नाही. तो रेंगाळतो ग्लीसनच्या चेहऱ्यावर, आणि त्या चेहऱ्यावर राग नाही, तर कामात गढलेल्या सुताराची एकाग्रता आहे. माणूस किंचाळतो, पण कबूल काही करत नाही. एवढ्या वेदनेत खोटं टिकणार नाही असा हिशेब करून काहिल त्याला निर्दोष ठरवतो, खिळे काढवतो आणि स्वतः इस्पितळात घेऊन जातो. वाटेत तो त्याच्याशी ज्या मायेने बोलतो ती खिळ्यांपेक्षा भयानक आहे. गजर खोटा वाजवून झाडीत थांबणारा संयम आणि हा संयम एकच, हे चित्रपट न बोलता दाखवून देतो. काहिलची मोहिनी त्याच्या हत्यारांच्या पिशवीतली एक पहार आहे. कुणावर चालवायची ते तो ठरवतो, आणि गेला तासभर ती आपल्यावर चालली होती.

घरातली मांडणीही तशीच अवघड. बायको आणि तिची सख्खी बहीण, दोघींबरोबर काहिलचा संसार, दोघींपासून मुलं, आणि कुणाची तक्रार नाही. मारिया डॉयल केनेडी आणि अँजेलिन बॉल यांनी या दोघी इतक्या सहज केल्या आहेत की प्रेक्षकाची भुवई वर जायला वेळ लागतो. सवंगपणाला इथे भरपूर वाव होता, बूर्मनने तो घेतला नाही. एड्रियन डनबार आणि शॉन मॅगिन्ली टोळीतले भिडू म्हणून चोख आहेत.

दुबळी बाजू पोलिसांची. जॉन व्हॉइटने केलेला इन्स्पेक्टर केनी कल्पित आहे आणि तसा तो जाणवतोही. अमेरिकन नट असून व्हॉइटने आयरिश बोली बऱ्यापैकी सांभाळली आहे, अडचण तिची नाही. केनीला घर नाही, कामाचं ठिकाण नाही, मोठ्या गुन्ह्यांमागची दमछाक नाही. काहिल जितका त्याच्या गल्लीत रुजलेला, तितका केनी हवेत. आपण ज्याच्या मागे लागलो त्याच्यासारखेच होत चाललो, ही त्याची व्यथा संवादांतून सांगितली जाते, दिसत नाही. १९८७-८८ मध्ये पोलिसांनी काहिलवर उघडउघड चोवीस तास पाळत ठेवली होती, घरासमोर, गाडीमागे, दुकानात. त्या पाळतीतला कंटाळा आणि पोरखेळ चित्रपटात छान आलाय, पण काहिलच्या बाजूने. भिंतीपलीकडे बसलेल्या शिपायाला काय वाटत होतं, ते आपल्याला कळत नाही.

दुसरी तक्रार प्रमाणाची. खऱ्या काहिलच्या टोळीने १९८२ मध्ये सरकारी न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या गाडीत बॉम्ब लावला. तो माणूस वाचला, पण कायमचा जायबंदी होऊन. १९८९ मध्ये काहिलचा बेकारभत्ता बंद करणाऱ्या अधिकाऱ्याला घरातून उचलून पायांत गोळ्या घातल्या. दोघेही पगारावर काम करणारे सरकारी नोकर, श्रीमंत कुणीच नाही. चित्रपट पाहताना हे सगळं मनात पुसटच राहतं, कारण पुढचा विनोदी प्रसंग फार लवकर येतो. स्नूकर टेबलाला जेवढा वेळ दिला, त्याच्या निम्मा जरी या दोघांना दिला असता तर तोल आणखी सुधारला असता.

जाता जाता एक गंमत. काहिल एका घरात रात्री शिरतो आणि भिंतीवरची सोनेरी तबकडी काढतो, ती सोन्याची नाही असं कळल्यावर वैतागून मोडतो. हा प्रसंग बूर्मनच्या स्वतःच्या घरी घडलेल्या चोरीवरून घेतला आहे. ती तबकडी ‘डिलिव्हरन्स’ या त्याच्या १९७२ च्या चित्रपटातल्या बँजोच्या सुरावटीसाठी मिळालेली होती. आपल्याच घरी चोरी करून गेलेल्या माणसावर चित्रपट काढायचा, तोही इतक्या समजुतीने, म्हणजे बूर्मनने चोराकडून व्याजासकट वसुली केली. त्याच ‘डिलिव्हरन्स’मध्ये जॉन व्हॉइटही होता.

याच माणसावर बेतलेला दुसरा चित्रपट आहे, ‘ऑर्डिनरी डीसेंट क्रिमिनल’, २००० चा, दिग्दर्शक थॅडियस ओ’सलिव्हन. यात नाव बदलून मायकल लिंच केलंय आणि भूमिका केव्हिन स्पेसीची. शीर्षकामागे उत्तर आयर्लंडचा इतिहास आहे: दंगलींच्या काळात तिथे राजकीय कारणाने शिक्षा भोगणाऱ्यांपासून वेगळे ओळखू यावेत म्हणून साध्या चोर-दरोडेखोरांना ‘साधे, सभ्य गुन्हेगार’ म्हणत. शीर्षक झकास, पण चित्रपट त्याच्या पुढे जात नाही. दोन बहिणींचा संसार आहे, पोलिसांची खिल्ली आहे, बोलणं चुरचुरीत आहे, डेमन अल्बार्नचं संगीत आहे, नाव होण्याआधीचा कॉलिन फॅरल छोट्या भूमिकेत आहे. व्हर्मीरच्या जागी कारावाज्जोचं ‘ख्रिस्ताला अटक’ आणलंय. ही निवड मात्र रसिक आहे. हे चित्र अनेक वर्षं डब्लिनमधल्या जेझुइटांच्या निवासात भलत्याच चित्रकाराच्या नावाने टांगलेलं होतं, १९९० मध्ये ते कारावाज्जोचं असल्याचं ओळखलं गेलं आणि १९९३ पासून ते आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

अडतं कुठे? स्पेसी पहिल्या दृश्यापासून स्वतःवर खूश आहे, आणि त्याची आयरिश बोली अधूनमधून अटलांटिक ओलांडते. मोहिनी पेरावी लागते, ती इथे आयती वाढून ठेवली आहे. शिवाय हा लिंच देखणा, चपळ, मोटरसायकलवर रुबाबात फिरणारा. काहिलचं सगळं बळ उलट यात होतं की त्याच्याकडे बघून कुणी वळूनही पाहिलं नसतं. चोऱ्यांची यंत्रणाही झटपट उरकली आहे. काम कसं झालं हे कळायच्या आत शाबासकी सुरू होते. दीड तासाची करमणूक म्हणून चालेल, पण ‘द जनरल’ पाहिल्यावर लगेच लावू नका, चहा ताजा प्यायल्यावर तीच पावडर पुन्हा उकळल्यासारखं वाटेल. दोन्ही पाहायचे असतील तर हा आधी पाहा.

आता ‘द जनरल’ पाहायचा कसा. चित्रीकरण रंगीत फिल्मवर झालं, पण चित्रपटगृहांत प्रिंट गेली ती कृष्णधवल. टीव्ही आणि डिस्कसाठी रंग फिके केलेली आवृत्तीही निघाली, आणि काही डिस्कवर दोन्ही आहेत. पर्याय असेल तर कृष्णधवलच घ्या. फिक्या रंगांत डब्लिन ऐंशीच्या दशकातल्या मालिकेसारखं दिसतं, विटांचा तांबूसपणा लक्ष वेधतो. कृष्णधवलमध्ये सीमस डीझीच्या कॅमेऱ्यापुढे तेच शहर दंतकथेतलं होतं. मोबाइलवर मात्र पाहू नका. रसबरोच्या झाडीत कोण कुठे बसलंय ते लहान पडद्यावर काळ्यात काळं होऊन जातं. इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा. ब्रिटिश मालिका उपशीर्षकांशिवाय पाहणाऱ्यांनाही डब्लिनच्या गल्लीतली ही बोली पहिली वीस मिनिटं दाद देत नाही, आणि काहिलचे निम्मे विनोद पुटपुटलेले आहेत. रिची बकलीचं सॅक्सोफोन नीट ऐकू येईल एवढा आवाज ठेवा. मुलांसोबत नको. खिळे आहेत, सुधारगृहाची रात्र आहे, शिव्या तर प्रत्येक वाक्याला आहेत.

आणि शेवटी पुन्हा तोच चौक येतो. तीच गाडी, तोच मोकळा रस्ता, तेच आळीतलं ऊन. सुरुवातीला ज्याच्याबद्दल काहीच वाटलं नव्हतं, त्या स्टिअरिंगवरच्या जाड माणसाकडे या वेळी नीट बघा. हात तोंडावर नाहीये.